तोफेवरचे नाव

मराठीत एखाद्या वक्त्याने सभा गाजवली की दुसऱ्या दिवशी त्याला 'मुलूखमैदान तोफ' ही पदवी बहाल होते. ही पदवी देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही मूळ तोफेविषयी फारसे ठाऊक असावे लागत नाही. शब्दाचा घोष पुरेसा असतो. मूळ नाव मात्र 'मलिक-इ-मैदान' असे आहे, म्हणजे रणमैदानाचा धनी. मराठी जिभेने 'मलिक'चा 'मुलूख' केला आणि धन्याच्या जागी प्रांत आणून बसवला. भाषाशास्त्राच्या वर्गात अशा बदलाला लोकव्युत्पत्ती म्हणतात. अपरिचित शब्द परिचित शब्दाच्या साच्यात ओतून लोक तो आपलासा करतात. चूक खरी, पण ती कानाला इतकी पटली की आता दुरुस्तीची सोय उरलेली नाही.

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी तोफांविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जुनी तोफ हीदेखील वाचण्याची वस्तू आहे, असे आमचे मत झाले आहे. तिच्यावर लेख कोरलेले असतात, तिला नाव असते, चेहरा असतो, कधीकधी कर्त्याचे नावही असते. आणि जेथे लेख नसतो तेथे धातूवरच्या खुणा असतात. या खुणा आपण वाचत नाही. त्या का वाचत नाही आणि वाचल्या तर काय सापडते, एवढाच या लेखाचा विषय. त्याची सुरुवात मात्र विजापुरात होत नाही. ती परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत होते.

पाथरी हे गोदावरीच्या खोऱ्यातले, काळ्या मातीच्या सपाट मुलखातले जुने गाव. या गावाचा आणि मुलूखमैदान तोफेचा संबंध फिरिश्त्याच्या इतिहासग्रंथातून कळतो. फिरिश्ता आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता, १५८९ साली तो विजापुरास आला आणि तेथेच त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. तो सांगतो की बहमनी फौजेने विजयनगरच्या मुलखातून एक ब्राह्मण मुलगा कैद करून आणला. त्याचे नाव तिमाप्पा, बापाचे नाव भैरू. मुसलमान झाल्यावर तो मलिक हसन झाला आणि 'भैरू'चा उच्चार बिघडून त्याला 'बहरी' हे उपनाव चिकटले. पुढे हा मलिक हसन बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० साली स्वतंत्र होऊन निजामशाही स्थापली. या घराण्याचे मूळ पूर्वज पाथरीचे वंशपरंपरागत कुलकर्णी होते, असे फिरिश्ता नमूद करतो.

मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आल्यानंतर पाथरीच्या या नात्याला राजकीय महत्त्व आले. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. दुसरा परगणा घेऊन आमच्या वाडवडिलांचे गाव आम्हास द्यावे, अशी मागणी निजामशाहीकडून झाली. इमादशहाने ती नाकारली. तेव्हा १५१८ साली निजामशाही फौजेने पाथरी बळाने घेतली. पुढे ती हातची गेली आणि पुन्हा लढून मिळवावी लागली. एका मुसलमान सुलतानाने आपल्या ब्राह्मण पूर्वजांच्या गावासाठी शेजाऱ्याशी युद्ध करावे, ही गोष्ट आजच्या ठरीव चौकटींत बसत नाही. म्हणूनच ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुलकर्ण्याचे दप्तर आणि त्यातला वतनाचा कागद यांची ओढ केवढी असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको.

याच बुऱ्हाण निजामशहासाठी हिजरी सन ९५६ मध्ये, म्हणजे १५४९ साली, अहमदनगरास मलिक-इ-मैदान ओतली गेली. (अहमदनगरचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे.) ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे : मुहंमद बिन हसन रूमी. 'रूमी' म्हणजे रूम देशाचा, तुर्की उस्मानी मुलखाचा. सोळाव्या शतकात तोफांच्या कामात तुर्कांची कीर्ती एवढी होती की गुजरातेपासून दख्खनपर्यंत तोफखान्याच्या सरदारांना 'रूमीखान' हा किताबच पडून गेला.

ही कीर्ती उगीच नव्हती. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलचा तट फोडण्यासाठी सुलतान मेहमद दुसरा याने ओर्बान नावाच्या हंगेरियन ओतकाराकडून प्रचंड तोफ करवून घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर अकराच वर्षांनी, १४६४ साली, मुनीर अली नावाच्या कारागिराने त्याच जातीची एक तोफ ओतली. ती आज इंग्लंडात पोर्टस्मथजवळच्या फोर्ट नेल्सनमध्ये ठेवलेली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती दोन तुकड्यांत आहे. दारू भरण्याचा मागचा भाग वेगळा, गोळ्याचा पुढचा भाग वेगळा, आणि दोहोंना एकमेकांत बसणारे प्रचंड पेच कोरलेले. सतरा टनांच्या घरातला धातू एकसंध वाहून नेणे अवघड, म्हणून कारागिराने डबीच्या झाकणासारखी फिरवून बसणारी तोफ कल्पिली. कासऱ्यांनी आणि तरफांनी फिरवून ती जोडावयाची. तोफ करणे म्हणजे धातूचा ढीग रचणे नव्हे. दारूचा दाब, धातूचे वजन, रस्ता, बैल आणि माणसे यांचे एकत्र गणित त्यात मांडावे लागते. मुहंमद बिन हसन या परंपरेचा वारस होता.

त्याने काय केले ते पाहू. मलिक-इ-मैदानची लांबी सुमारे साडेचार मीटर, बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर आणि नळीची पोकळी सुमारे सत्तर सेंटिमीटर आहे. वजन सुमारे ५५ टन धरतात. म्हणजे नळीची भिंत चाळीस सेंटिमीटरच्या आसपास जाड आहे. एवढी जाडी कशासाठी, याचे उत्तर धातूत आहे. ही तोफ 'पंचधातूची' असल्याचे वाटाडे सांगतात. प्रत्यक्षात धातूची तपासणी झाली तेव्हा त्यात सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील निघाले. हे घंटेच्या काशाचे प्रमाण आहे. तोफेसाठी सामान्यतः कथील याच्या निम्म्यानेच घालतात, कारण कथील वाढले की कासे कठीण होते तसेच ठिसूळही होते. घंटेला नाद हवा असतो, तोफेला चिवटपणा. तेव्हा कठीण पण ठिसूळ धातू घेतला तर भिंत जाड ठेवूनच तो सुरक्षित करता येतो. आखूड अंग, प्रचंड तोंड आणि हातभर जाड भिंत हे या तोफेचे रूप म्हणजे कारागिराने निवडलेल्या धातूचा सरळ परिणाम आहे, असे आम्हास वाटते. तिच्यावर थाप मारली की घंटेसारखा नाद उठतो असे सांगतात, त्याचेही कारण हेच.

यातले कथील दख्खनच्या पठारावर मिळत नाही. ते समुद्र ओलांडून बंदरांत आणि बंदरांतून घाटावर येत असे. एवढ्या मालाचा रस एका भट्टीत मावणे शक्य नाही. अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवून, रस थांबू न देता, खड्ड्यात पुरलेल्या साच्यात सोडावा लागतो. मध्ये खंड पडला तर थंडावलेला थर आणि नवा रस एकजीव होत नाहीत आणि तोफ जन्मतःच चिरलेली निघते. ओताऱ्याच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येत असेल. त्या क्षणाभोवती दंतकथा जमल्या यात नवल नाही. रूमीखानाने तोफेसाठी स्वतःच्या मुलाचा बळी दिला अशी एक कथा आहे. पूल, किल्ला, तळे, मंदिर यांच्या पायात बळी दिल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्याच जातीची ही. लोकमानसाला एवढे मोठे काम नुसत्या अकलेने झाले हे पटत नाही. म्हणून ते अकलेच्या जागी रक्त ठेवते.

तोफेचे तोंड हा या कामाचा सर्वांत विलक्षण भाग. सिंहासारख्या अक्राळविक्राळ पशूचा उघडा जबडा आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती, अशी ती घडण आहे. गोळा या जबड्यातून बाहेर पडत असे. अंगावर अरबी अक्षरांत अल्लाचे एकत्व आणि प्रेषिताच्या घराण्याचा सेवक असे निजामशहाचे बिरूद आहे. बुऱ्हाणाने शिया पंथ स्वीकारलेला होता, त्याचीच ही धातूतली ग्वाही. पुढे १५६५ सालच्या राक्षसतागडीच्या लढाईत निजामशाही तोफखान्याने सहाशे तोफा दोनदोनशेंच्या तीन रांगांत मांडल्याचे फिरिश्ता सांगतो. ऐन वेळी तोफांत तांब्याच्या पैशांच्या थैल्या भरून त्या विजयनगरच्या फौजेवर सोडल्या गेल्या, हेही तोच लिहितो. मलिक-इ-मैदानचे नाव या प्रसंगाशी परंपरेने जोडले गेले आहे.

त्यानंतर ही तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापुरास नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. आजही ती विजापूरच्या, म्हणजे आताच्या विजयपुराच्या, तटावर शेरझा बुरुजावर आहे. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले आणि तोफेवर स्वतःच्या विजयाचा फारसी लेख कोरविला. हिजरी १०९७ सालची त्यातली नोंद सांगते की आलमगीराने विजापूर जिंकले आणि मैदानाच्या धन्यालाही अंकित केले. एकाच वस्तूवर दोन सत्तांचे दोन मजकूर आले, आणि तिसरा मजकूर कोठेही न कोरता लोकांनी तोंडी लिहिला : मुलूखमैदान.

या तोफेच्या चरित्रातला आणखी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. १८५४ साली विजापुरात पडलेले निरुपयोगी सरकारी सामान विकून टाकण्याचा हुकूम इंग्रजी अंमलदारांकडून निघाला. मलिक-इ-मैदानला सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची आली. पंचावन्न टन काशाला दीडशे रुपये. तेव्हा मामलेदाराने वर कळविले की किंमत अगदीच थोडी आहे आणि लोकांची या तोफेवर भक्ती आहे. विक्री रद्द झाली. सुलतानांनी बनविलेली, बादशहाने मिरविलेली तोफ अखेर एका अहवालाने वाचविली. पाथरीच्या कुलकर्ण्याच्या दप्तराशी सुरू झालेली गोष्ट मामलेदाराच्या दप्तरापाशी येऊन थांबते, हा योगायोग आम्हास अर्थपूर्ण वाटतो. आपल्या इतिहासात लेखणीच्या माणसांची नोंद राहते, कारण नोंद करणारे तेच असतात.

इथपर्यंत आम्ही ज्या तोफेविषयी बोललो ती ओतीव आहे आणि तिच्यावर कर्त्याचे नाव आहे. परंतु विजापुरातच दुसऱ्या जातीच्या तोफा आहेत. दक्षिणेकडच्या तटावरची 'लंडा कसाब' ही लोखंडी तोफ सुमारे साडेसहा मीटर लांब असून तिचे वजनही पंचेचाळीस टनांच्या वर धरतात. उपळी बुरुजावरची लांब तोफ सुमारे नऊ मीटरची आहे. या ओतलेल्या नाहीत, घडविलेल्या आहेत. बघ्यांची गर्दी मलिक-इ-मैदानभोवती असते. या तोफांपाशी लोक थोडा वेळ थांबतात, मुलांना त्यांवर बसवून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. कारण यांना जबडा नाही, अक्षरे नाहीत, आणि सांगण्याजोगी कथाही नाही.

परंतु कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर अधिक अवघड प्रश्न यांनीच सोडविला आहे. तांबे आणि कथील आपल्या भट्ट्यांत वितळत. लोखंड पातळ करून तोफेच्या साच्यात ओतण्याची विद्या मात्र येथे नव्हती. लोहाराच्या हाती येत असे ते लोखंडाचे लहान लहान गोळे. ते तापवून, घणाने ठोकून, एकमेकांत मिसळून मोठे करावयाचे. अशा गोळ्यांतून पंचेचाळीस टनांची नळी कशी उभी करावयाची? त्यावर काढलेला तोडगा असा. प्रथम लांब लोखंडी पट्ट्या पिंपाच्या फळ्यांप्रमाणे गोलाकार शेजारीशेजारी मांडावयाच्या. त्यांवर तापवून लाल केलेली लोखंडी कडी एकामागून एक चढवावयाची आणि ठोकून बसवावयाची. कडे थंड होताना आकसते आणि आतल्या पट्ट्यांना करकचून आवळते. पहिल्या थराच्या सांध्यांवर दुसऱ्या थराची कडी येतील असे थर चढवीत जायचे. दारूचा दाब आतून बाहेर ढकलतो, आणि कड्यांचा आवळ बाहेरून आत. दोन जोर एकमेकांसमोर उभे करून लोहाराने नळी सुरक्षित केली.

युरोपातही मोठ्या तोफा आधी अशाच होत. एडिंबरोच्या किल्ल्यातली 'मॉन्स मेग' १४४९ सालची, पट्ट्या आणि कडी यांचीच आहे. तिच्या कर्त्याचे नाव जेहान काम्बिए असे दप्तरांत टिकून आहे. युरोप पुढे ओतीव तोफांकडे वळला. भारतात मात्र ही विद्या सतराव्या शतकापर्यंत वाढत आणि सुधारत राहिली. तंजावरच्या तटावरची प्रचंड तोफ याच पद्धतीची आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी अशा तोफांचा बारकाईने अभ्यास केला आणि २००८ साली भारतीय तोफांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या कामामुळे या तोफा 'मागास' तंत्राचा अवशेष नसून स्वतंत्र परिपक्व विद्या आहेत, हे स्पष्ट झाले.

आम्ही हे वाचले तेव्हा आम्हास लहानपणी पाहिलेले एक दृश्य आठवले. मराठवाड्याच्या गावात बैलगाडीच्या चाकाला धाव चढविण्याचा दिवस असे. सेलू, मानवतच्या बाजारी कापूस नेणाऱ्या गाड्यांचा हंगाम तोंडावर आला की लोहाराच्या अंगणात चाके जमत. लोखंडाची वर्तुळाकार धाव चाकापेक्षा किंचित लहान घडविलेली असे. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईतो तापवीत. तापली की ती फुगे. मग तिघेचौघे सांडशांनी ती उचलून लाकडी चाकावर बसवीत, लाकूड धुमसू लागे, आणि लगेच पाणी ओतले जाई. वाफेचा लोट उठे, चाक कुरकुरे आणि आरे तुंब्यात घट्ट बसत. ती कुरकूर ऐकून लोहार सांगे, बसली. कोणतेही मोजमाप कागदावर नसे. लोखंड तापल्यावर किती फुगेल आणि निवल्यावर किती आवळेल, हे त्याच्या हाताला ठाऊक असे.

गावच्या लोहाराने तोफकाराकडून ही विद्या घेतली की तोफकाराने लोहाराकडून, या वादात आम्ही शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की लंडा कसाबच्या कड्यांत आणि बैलगाडीच्या धावेत एकच जाण काम करते. बलुतेदारांच्या यादीत बसलेला, सुगीत धान्याच्या पेंढ्यांवर हिशेब चालणारा माणूस आणि सुलतानाच्या बुरुजावरची तोफ यांच्यामध्ये आपण समजतो तेवढे अंतर नाही.

हीच गोष्ट बंदुकीच्या लहान नळीतही दिसते. अबुल फजलाने 'आइन-इ-अकबरी'त बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वाकवून त्याच्या कडा जोडीत आणि नळी करीत. अशी नळी सांध्यावर फाटे आणि बार उडविणाऱ्याचाच जीव जाई. नव्या रीतीत लोखंडाची पट्टी तिरपी गुंडाळीत नेत, दर वेढ्याला लांबी वाढे, आणि कडा एकमेकींवर चढवून ठोकीत. सांधा नळीच्या लांबीने सरळ न जाता पिळाने फिरत गेला की दाबाला फाटण्यासाठी सरळ वाट उरत नाही. याच प्रकरणांत तोड्यावाचून चाप ओढताच उडणाऱ्या बंदुकीचा, सुटी करून वाहून नेता येणाऱ्या तोफेचा, एकाच बत्तीने उडणाऱ्या सतरा नळ्यांच्या जोडतोफेचा आणि बैलाने फिरविलेल्या चाकावर सोळा नळ्या एकदम साफ करणाऱ्या यंत्राचा उल्लेख आहे. अबुल फजल या कल्पना पातशहाच्या म्हणून सांगतो. इतिहासकार त्यांतल्या काहींचे श्रेय मीर फतहुल्ला शिराझीला देतात. हा विद्वान आधी विजापुरास अली आदिलशहाच्या दरबारी होता, १५८३ साली तो अकबराकडे गेला आणि १५८९ साली वारला. म्हणजे येथेही कल्पना कोणाची आणि नाव कोणाचे हा प्रश्न आहेच.

परंतु त्याच प्रकरणात एक तपशील आहे, जो आमच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तयार बंदुकीवर लोखंडाचे वजन, ते कोठून आणले ते ठिकाण, बंदूक केली ते ठिकाण, तारीख, अनुक्रमांक आणि कारागिराचे नाव उमटवीत असत. उस्ताद कबीर आणि हुसेन हे दोन नामांकित कारागीर अबुल फजलाने नावाने सांगितले आहेत. कारागिराचे नाव नळीवर येते ते गौरवासाठी की जाबासाठी? आम्हास वाटते, दोन्हींसाठी. नळी फाटली तर दोष कोणाचा, हे कारखान्याला कळले पाहिजे. चांगली निघाली तर पुढचे काम कोणाला द्यावे, हेही कळले पाहिजे.

या संदर्भात बंगालमधली एक तोफ पाहण्याजोगी आहे. मुर्शिदाबादला 'जहानकोशा' नावाची साडेपाच मीटरच्या आसपास लांबीची घडीव तोफ आहे. ती १६३७ साली ढाक्यात तयार झाली. तिच्यावरच्या फारसी पत्र्यांवर बादशहा, सुभेदार, दारोगा शेर मुहंमद, तपासनीस हरवल्लभ दास आणि अखेरीस मुख्य लोहार जनार्दन यांची नावे आहेत. पातशहापासून ऐरणीपर्यंतची साखळी एका पत्र्यावर उतरली आहे. जनार्दन कर्मकाराला फारसी वाचता येत होती की नाही हे महत्त्वाचे नाही. त्याचे नाव लिहिण्याची पद्धत त्या कारखान्यात होती, हे महत्त्वाचे. आपल्याकडे मुहंमद बिन हसन रूमीचे नाव मलिक-इ-मैदानवर आहे, दौलताबादच्या मेंढा तोफेवर मुहंमद हुसेन अरब याचे नाव आहे. 'रूमी' आणि 'अरब' ही दोन्ही विशेषणे बाहेरून आलेल्या ओताऱ्यांची आहेत. घडीव तोफा करणारे इथले लोहार मात्र सहसा निनावी राहिले. परकी उस्तादाला दरबारात किंमत होती आणि त्याला लेख कोरविता येत होता. गावच्या लोहाराचे काम सरकारला हवे होते, नाव नको होते.

भाषेने मात्र या लोकांना वेगळा न्याय दिला आहे. 'तोफ' हा शब्द तुर्कीतून आला, 'बंदूक' अरबीतून, 'गोलंदाज' फारसीतून. सत्तेबरोबर आलेले हे शब्द आपण घेतले. पण बार भरणे, बार फुसका निघणे, बत्ती देणे, ठासणे, धाव चढवणे, घाव घालणे, तापल्या लोखंडावर घण मारणे हे सारे हाताचे शब्द आहेत, आणि आपले बोलणे आजही त्यांवर चालते. तोफेच्या ज्या भोकातून बत्ती पोचते त्याला मराठीत 'कान' म्हणत. तोफ निकामी करावयाची तर त्या कानात खिळा ठोकीत. तोफेला माणसाचे अवयव देणारी ही दृष्टी जबड्याचे शिल्प करणाऱ्या रूमीपेक्षा कमी प्रतिभेची नाही. साहित्याच्या अभ्यासकाने बखरींतल्या लढाया वाचताना या शब्दांकडे लक्ष दिले तर त्याला ऐरणीचा आवाज ऐकू येईल.

कोणी म्हणेल, तोफ हे शेवटी माणसे मारण्याचे साधन. तिच्या कारागिरीचे कौतुक कशाला? हा आक्षेप आम्हास मान्य आहे, आणि म्हणूनच कौतुक आणि जाण यांत आम्ही फरक करतो. राक्षसतागडीला पैशांच्या थैल्यांनी जी माणसे पडली तीही निनावीच आहेत. तोफेच्या एका टोकाला निनावी लोहार आणि दुसऱ्या टोकाला निनावी शिपाई, नावे फक्त मधल्या अंगावर, हुकूम देणाऱ्यांची. 'पंचधातूची अद्भुत तोफ' म्हणून आपण भारावतो तेव्हा ही दोन्ही टोके नजरेआड होतात. अद्भुत म्हटले की करणाऱ्याची अक्कलही विचारावी लागत नाही आणि मरणाऱ्याचा हिशेबही द्यावा लागत नाही.

असो. परंड्याला, नळदुर्गला किंवा विजापुरास विद्यार्थ्यांची सहल नेणाऱ्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. लेख असलेली तोफ जरूर दाखवावी. पण जवळपास एखादी गंजलेली, बिनअक्षरी लोखंडी तोफ पडलेली असेल तर तेथेही पाच मिनिटे थांबावे. विद्यार्थ्यांना तिच्या अंगावरून हात फिरवू द्यावा. बोटांना एकामागून एक उंचवटे लागतील. ती कडी आहेत. ती मोजावयास सांगावे. प्रत्येक कडे एकदा लाल झाले होते, कोणीतरी सांडशीने उचलले होते, कोणीतरी 'बसले' म्हटले होते. पाथरीच्या कुलकर्ण्याचे नाव दप्तरात राहिले, त्याच्या वंशजाचे नाव कांशात राहिले. पाथरीच्या लोहाराचे नाव कोठेच राहिले नाही. ही कडी मोजणे हे त्याच्या जातीच्या माणसांचे काम वाचण्याचे, आपल्या हाती असलेले एक साधन आहे.